घरातली चार मते आणि पाण्याचा दिवस

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही सोलापुरात भवानी पेठेत राहतो. घरात सासरे (वय ७२, पूर्वी गिरणीत मागावर होते), माझे पती, मी आणि मुलगा (वय २१, पुण्यात इंजिनिअरिंगला) असे चौघे आहोत. जानेवारीत महापालिकेच्या मतदानासाठी सासऱ्यांनी मुलाला मुद्दाम बोलावून घेतले. संक्रांतीच्या रात्री जेवताना त्यांनी नेहमीप्रमाणे कोणती चार बटणे दाबायची ते सर्वांना सांगितले. मुलगा म्हणाला, “मी मतदानालाच येणार नाही. चार वर्षे नगरसेवक नव्हते तेव्हाही पाणी पाच दिवसांआड येत होते, आताही तसेच येईल.” सासरे म्हणाले, “या गावची पोरं फासावर गेली म्हणून तुला हा हक्क आयता मिळालाय.” त्यावर मुलगा बोलून गेला, “तुमच्या डोळ्यांदेखत गिरण्या बंद पडल्या, तेव्हा तुमच्या मतांनी काय केलं?” त्या दिवसापासून दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. एकाचा निरोप दुसऱ्याला मी सांगते. आमच्याकडे पाणी रात्री दोनला येते, पाण्याच्या दिवशी मी कॅलेंडरवर ‘पा’ लिहून ठेवते, त्या रात्री झोप नसतेच, आणि वर हे. घरात राजकारण बोलायचेच नाही असा नियम करावा का? मुलगा आता नावही सोलापूरच्या यादीतून काढून पुण्याला लावतो म्हणतो. सासरे म्हणतात, ही गावाशी गद्दारी आहे. त्याला तसे करू द्यावे का?

— एक वाचक, सोलापूर

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

नियमाचे आधी सांगते, कारण त्याला फार शब्द लागणार नाहीत: असा नियम करू नका. ज्या घरात राजकारण बोलायचे नाही असे ठरते, तिथे ते बंद होत नाही. ते प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये जाऊन बसते, आणि तिथे आजोबांना आजोबांच्या मताचे व नातवाला नातवाच्या मताचे लोकच तेवढे भेटतात. जेवणाच्या ताटावर निदान समोरच्याचा चेहरा तरी दिसतो.

आपण दोघांची वये लिहिलीत हे फार बरे केले. या भांडणाचा निम्मा उलगडा त्या दोन आकड्यांत आहे. आज ७२ वर्षांचे असलेले गृहस्थ २१ वर्षांचे झाले ते आणीबाणीच्या आगेमागे. त्या काळी मतदानाचे वय २१ होते; ते १८ वर आले ते एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने, १९८९ च्या मार्चपासून. म्हणजे आपल्या सासऱ्यांनी लोकसभेसाठी पहिले मत दिले असेल ते बहुधा मार्च १९७७ मध्ये. जून १९७५ पासून वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात होते, आणि तरीही निवडणूक जाहीर झाल्यावर केंद्रातले सरकार मतपेटीतून बदलले. पंतप्रधानांचा त्यांच्या स्वतःच्या मतदारसंघात पराभव झाला. ज्याचा मतदानाशी पहिला परिचय अशा निवडणुकीत झाला, त्याला मतदान न करणारा तरुण कसा दिसत असेल याची कल्पना करून पाहा.

आता मुलाकडे वळू. तो १८ वर्षांचा झाला त्या सुमारास, म्हणजे मार्च २०२२ मध्ये, सोलापूर महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे, म्हणजे सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, गेला. मागची निवडणूक फेब्रुवारी २०१७ ची. तेव्हा तो शाळेत होता. त्यानंतर प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षण यांच्या वादांत निवडणुका अडकून पडल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यातील स्थानिक संस्थांच्या निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. आपल्या मुलाच्या जाणत्या वयातली जवळजवळ चार वर्षे या शहरात एकही नगरसेवक नव्हता. ज्या पदावरचा माणूस त्याने कधी पाहिलाच नाही, त्याच्यासाठी रांगेत उभे राहा असे आपण त्याला सांगत आहोत. त्याचे म्हणणे ऐकून सासरे संतापले. परंतु महापालिकेची मुदत पाच वर्षांची असेल आणि ती संपण्यापूर्वीच पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे भारताच्या संविधानातील अनुच्छेद २४३-यू सांगतो. नातवाचा राग उद्धट भाषेत आला हे खरे, पण त्या रागाची बाजू संविधानाने आधीच घेऊन ठेवली आहे, हे सासऱ्यांना कुणीतरी शांतपणे सांगायला हवे.

मात्र त्या रागातून मुलाने काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो त्याला स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे. नगरसेवक नव्हते तेव्हाही पाणी तसेच येत होते, यावरून नगरसेवक निरुपयोगी असतात हे सिद्ध होत नाही. त्या चार वर्षांवरून फार तर नगरसेवक नसताना काय होते ते कळते. त्या काळात सर्वसाधारण सभा आणि स्थायी समिती यांचे अधिकार प्रशासकाकडेच होते, म्हणजे अंदाजपत्रक मांडणारे आणि मंजूर करणारे एकच. सभागृहात उठून ‘आमच्या भागात पाणी रात्री दोनला का?’ असे विचारणारे कुणी नव्हते आणि त्या प्रश्नाचे उत्तर इतिवृत्तात नोंदवण्याची गरजही नव्हती. नव्या सभागृहात २६ प्रभागांतून निवडून आलेले १०२ सदस्य आहेत. ते सगळे प्रश्न विचारतीलच असे मी म्हणत नाही. पण न विचारल्याबद्दल त्यांना नाव घेऊन जाब विचारता येतो, आणि प्रशासकाच्या काळात तेवढेही शक्य नव्हते.

आणखी एक गोष्ट मुलाला ठाऊक नसावी. त्याला कोणताच उमेदवार पटत नव्हता, तर घरी बसण्यापेक्षा ‘वरीलपैकी कोणीही नाही’ म्हणजे नोटाचे बटण दाबता आले असते. लोकसभेला आणि विधानसभेला नोटाला कितीही मते पडली तरी निकाल बदलत नाही. महाराष्ट्रातील स्थानिक निवडणुकांत मात्र राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८ च्या आदेशाप्रमाणे एखाद्या जागेवर नोटाला सर्वाधिक मते पडली, तर त्या जागेसाठी फेरनिवडणूक घ्यावी लागते. घरी बसणाऱ्याचा निषेध मात्र कुठेच मोजला जात नाही. आजारी, आळशी आणि संतप्त हे सगळे एकाच टक्केवारीत जमा होतात.

सासऱ्यांच्या ‘फासावर गेलेल्या पोरां’विषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण सोलापुरातल्या किती तरी घरांत हे वाक्य याच जागी येते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चार स्वातंत्र्यसैनिकांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली. आपल्या घरातले भांडण झाले ते त्या दिवसानंतर दोनच दिवसांनी. सासऱ्यांना ते आठवले यात काही वावगे नाही. अडचण अशी की फाशीला उत्तर नसते. एकदा चार हुतात्मे ताटावर आणून बसवले की विशीतला मुलगा एक तर मान खाली घालतो, नाही तर तितकेच जिव्हारी लागणारे काहीतरी शोधून काढतो. आपल्या मुलाने दुसरे केले. (तो पुण्याहून ज्या गाडीने येत असेल तिचे नावही हुतात्मा एक्सप्रेसच आहे, पण आपण सोलापूरकर ‘हुतात्मा आज लेट आहे’ म्हणून मोकळे होतो.)

गंमत म्हणजे त्याच कथेतला जो भाग नातवाच्या उपयोगाचा आहे, तो बहुतेक आजोबा गाळतात. ६ एप्रिल १९३० रोजी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा फडकला. नगराध्यक्ष माणिकचंद शहा होते आणि ध्वज अण्णासाहेब भोपटकरांनी फडकवला. पुढे मे महिन्यात तीन दिवस शहरात इंग्रजांचा अंमल उरला नाही, मग लष्करी कायदा आला, आणि खटला, फाशी हे सर्व त्यानंतरचे. म्हणजे सुरुवातीला एक नगरपालिका होती, जी आजच्यासारखी सर्वांच्या मतांनी निवडलेलीही नव्हती, आणि तरीही तिने आपल्या इमारतीवर कोणता झेंडा असावा हे परक्या सरकारला न विचारता ठरवले. १८५२ मध्ये स्थापन झालेली, दिवाबत्ती आणि सफाई पाहणारी एक संस्था असे करू शकली, ही गोष्ट ‘नगरपालिकेने काय फरक पडतो’ असे विचारणाऱ्या मुलाला सांगण्यासारखी आहे. ती उपकाराची आठवण करून देण्यासाठी सांगितली की तो ऐकणार नाही. ‘हे त्यांनी कसे जमवले असेल?’ अशी सुरुवात केली तर कदाचित ऐकेल.

गिरणीच्या वाक्याबद्दल मात्र मी मुलाच्या बाजूने एक शब्दही बोलणार नाही. सोलापूरच्या गिरण्या बंद पडल्या त्या मागावरच्या माणसाने चुकीचे बटण दाबले म्हणून नव्हे. जुनी यंत्रे, व्यवस्थापनाचे निर्णय, यंत्रमागांची स्पर्धा आणि बदललेली धोरणे यांचा तो परिणाम होता, आणि त्याची किंमत मोजली ती आपल्या सासऱ्यांसारख्यांनी, ऐन चाळिशीत. त्याने माफी मागितली पाहिजे. ती लोकशाहीविषयीच्या मतभेदाची माफी नव्हे. एका म्हाताऱ्या माणसाच्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट काळाकडे बोट दाखवल्याची आहे. हे आपण त्याला एकट्याला गाठून सांगा, फोनवर नको, आणि ‘आजोबांचे वय झाले आहे, सोडून दे’ असे तर मुळीच म्हणू नका. वय झाले म्हणून सोडून देणे म्हणजे त्यांचे म्हणणे आता मोजायचे नाही असे ठरवणे होय.

त्या प्रश्नाचे एक सभ्य रूपही आहे, आणि ते विचारायला हरकत नाही: “आजोबा, गिरणी बंद झाली तेव्हा तुम्ही लोकांनी काय काय केले? कोणाकडे गेलात? कोण भेटले, कोणी टाळले?” अशा प्रश्नावर माणूस तासभर बोलू शकतो. माझा अनुभव असा की ज्येष्ठांना ‘तुमच्या काळी कसे होते?’ असे मोघम विचारले की ते भाषण करतात. ‘त्या दिवशी तुम्ही कुठे होता?’ असे विचारले की ते आठवू लागतात, आणि आठवताना आपण कुठे हरलो तेही सांगतात. नातवाला त्या हरण्यातून जितके शिकता येईल तितके हुतात्म्यांच्या दाखल्यातून येणार नाही.

आता आपण पत्रात जाता जाता लिहिलेल्या, पण मला सर्वांत महत्त्वाच्या वाटलेल्या दोन गोष्टींकडे येते.

पहिली, ‘नेहमीप्रमाणे’ सांगितलेली चार बटणे. चार सदस्यांच्या प्रभागात प्रत्येक मतदाराला चार मते असतात. आपल्या घरातल्या सोळा मतांचा निर्णय एकटे सासरे करू पाहतात. मताच्या हक्कासाठी लोक फासावर गेले असे सांगणारा माणूस त्याच ताटावर बसून इतर तिघांची मते वाटून टाकतो, हे एकवीस वर्षांच्या मुलाच्या नजरेतून सुटत नाही. त्याचा नकार नगरसेवकांना होता की या वाटपाला, याचा विचार करा. गुप्त मतदान हे फक्त शेजाऱ्यापासून किंवा पक्षाच्या कार्यकर्त्यापासून गुप्त नसते. ते सासऱ्यांपासून आणि पतीपासूनही गुप्त असते. सासऱ्यांना हे सांगणे कठीण आहे, आणि ते सुनेने सांगण्यापेक्षा मुलाने, म्हणजे आपल्या पतींनी, सांगावे असे मला वाटते. पतींचा आपल्या पत्रात वयापुरताही उल्लेख नाही. इतके दिवस ते काय करत आहेत?

दुसरी गोष्ट कॅलेंडरवरचा ‘पा’. आजोबा आणि नातू पाण्यावरून भांडले, पण पाणी भरतो कोण? चावीवाला कधी पाणी सोडतो, पहिली दहा मिनिटे ते गढूळ येते की नाही, शेजारच्याने टिल्लू पंप लावला की आपल्या नळाची धार किती बारीक होते, हौद भरायला किती वेळ लागतो, हे त्या दोघांपैकी एकालाही आपल्याइतके ठाऊक नाही. आपण मात्र स्वतःला या भांडणातली निरोप्या समजत आहात. संपूर्ण पत्रात आपल्याला स्वतःला काय वाटते, मत द्यावेसे वाटले की नाही, याविषयी एक ओळही नाही. निरोप सांगणे आजपासून बंद करा. “ते तुम्ही त्यांना विचारा” एवढेच उत्तर द्या. चार दिवस अवघड जातील. आणि या संभाषणात स्वतःचा मुद्दा घेऊन उतरा: “तुमचे दोघांचे होईल तेव्हा होईल, मला पाणी रात्री दोनला का येते याचे लेखी उत्तर हवे आहे.”

हे मी केवळ ठसक्याकरिता लिहिलेले नाही. लोकशाही चांगली की वाईट यावर दोन पिढ्या जन्मभर भांडू शकतात, कारण त्या भांडणाला कुठे टेकायला जागाच नसते. आपल्या पेठेतल्या पाण्याच्या वेळेवर तसे भांडता येत नाही, तिथे नोंदी असतात. भीमेवरचे उजनी धरण आपल्याच जिल्ह्यात आहे, त्याची एकूण क्षमता ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) घरात आहे, आणि तरी तिथले पाणी सुमारे ११० किलोमीटर आणून शहरातल्या टाक्यांत चढवून पेठापेठांत वाटेपर्यंत ते रोजचे राहत नाही. यात धरण जलसंपदा विभागाचे, वितरण महापालिकेचे, आणि समांतर जलवाहिनीच्या कामात स्मार्ट सिटी कंपनी. मग जाब नेमका कोणाला विचारायचा? मुलाला खरोखर राग आला असेल तर त्याने या साखळीत आपला भाग कुठे अडतो ते शोधून काढावे. तो इंजिनिअरिंगला आहे. हे काम त्याच्या आवडीचे असू शकते.

म्हणून असे करा. कॅलेंडरवर नुसत्या ‘पा’ऐवजी पाणी आल्याची आणि गेल्याची वेळ लिहायला लागा. एक-दोन महिन्यांच्या नोंदी जमल्या की मुलाला माहितीच्या अधिकारात अर्ज लिहायला सांगा. ‘पाणी रोज का येत नाही?’ असे विचारू नये, कारण हा कायदा नोंदी देतो, खुलासे देत नाही. ‘आमच्या भागाला गेल्या तीन महिन्यांत पाणी सोडल्याच्या तारखा, वेळा आणि कालावधी यांच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात’ असे मागावे. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आले नाही तर पहिले अपील. हे तो पुण्यात बसूनही करू शकतो. आलेली नोंद आणि आपले कॅलेंडर शेजारी शेजारी ठेवल्यावर जे दिसेल ते घेऊन प्रभागातल्या चारही नगरसेवकांना एकच पत्र लिहायचे, चौघांची नावे वर घालून, म्हणजे ‘तो भाग त्यांच्याकडे आहे’ असे कोणाला म्हणता येणार नाही.

ते पत्र मात्र सासऱ्यांनी लिहावे आणि त्यांनीच नेऊन द्यावे. अर्ज कसा लिहायचा, कोणाच्या टेबलावर ठेवायचा, दुसऱ्या प्रतीवर तारीख घातलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी कशी सोडायची नाही, हे गिरणीतल्या माणसाला शिकवावे लागत नाही. नातवाच्या पिढीला तक्रार नोंदवून तिचा क्रमांक मोबाइलवर आला की काम झाल्यासारखे वाटते. आठ दिवसांनी तिथे पुन्हा जाऊन उभे राहण्याची चिकाटी जुन्या लोकांत आहे. उलट सासऱ्यांना ज्या नगरसेवकाची आठवण असेल तो एका वॉर्डाचा एकच, नावानिशी ओळखीचा, दारात येणारा. चौघांच्या प्रभागात ती ओळख पातळ झाली आहे, आणि माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा तर २००५ चा, म्हणजे गिरणी सुटल्यानंतरचा. दोघांनाही एकमेकांकडून घेण्यासारखे आहे. फक्त ते घेण्यासाठी समोर काम असावे लागते.

यातून पाणी रोज येऊ लागेल असे वचन मी देऊ शकत नाही. रात्री दोनऐवजी पहाटे पाचला आले तरी आपली झोप वाचेल. दोघांची मते मात्र पुढेही वेगळ्याच पक्षांना जातील, आणि जाऊ द्यावीत.

राहिला नाव पुण्याला लावण्याचा प्रश्न. मतदाराचे नाव तो जिथे सामान्यतः राहतो तिथे असावे, आणि दोन ठिकाणी असू नये, एवढेच कायद्याचे म्हणणे आहे. बाहेरगावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला घरच्या पत्त्यावर नाव ठेवता येते किंवा राहत्या ठिकाणी हलवता येते. हलवायचे असेल तर नमुना ८ भरावा लागतो. यात गद्दारी वगैरे काही नाही. सोलापूरची किती तरी मुले नोकरीनिमित्त पुण्यात आहेत आणि तिथलेही रस्ते, पाणी त्यांचेच आहे. हा निर्णय त्याचा आहे, आपण किंवा सासऱ्यांनी तो ‘करू द्यायचा’ नाही. फक्त घाई नाही, हे त्याला जरूर सांगा: महापालिकांचे मतदान दोन्ही शहरांत होऊन गेले आहे आणि लोकसभेला २०२९ उजाडेल. पाण्याच्या अर्जाचे उत्तर येईपर्यंत नाव इथेच राहू दे, म्हणजे त्या चार नगरसेवकांसमोर आजोबांबरोबर तोही त्यांचा मतदार म्हणून उभा राहू शकेल.